काल तर लोक गेले होते ना? : बातूर पर्वतावर शिकलेला एक धडा



यंदाच्या पावसाळी सहलीसाठी इयत्ता नववी व दहावीच्या मुलामुलींनी आमच्याकडे एक अर्ज दिला. अर्ज सुरेख अक्षरात आणि शुद्ध मराठीत लिहिलेला होता, याचे कौतुक आधी केले पाहिजे. श्रावणात, पाणी भरपूर असताना, सहल पातालपाणीच्या धबधब्यावर न्यावी आणि खाली कुंडाजवळ उतरू द्यावे, अशी त्यात मागणी होती. खाली एकेचाळीस सह्या होत्या. काही पालकांनीही सह्या केल्या होत्या. शेवटचे वाक्य असे होते : "आम्ही घरच्यांसोबत गेल्या वर्षी गेलो होतो, तेव्हा काही झाले नाही."

आम्ही अर्ज नामंजूर केला. तेव्हापासून दहावीचा वर्ग आमच्यावर रुसलेला आहे आणि दोन-तीन पालकांचे फोनही येऊन गेले. नोटीस बोर्डावर चार ओळींचे परिपत्रक लावून विषय संपवता आला असता. पण अर्जातले ते शेवटचे वाक्य आम्ही स्वतः एकदा बोललो आहोत, तेही एका ज्वालामुखीच्या माथ्यावर उभे राहून. म्हणून यावेळी परिपत्रकाऐवजी हा लेख.

परातीत ठेवलेला डोंगर

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक मंडळी कुटुंबासह इंडोनेशियातील बाली बेटावर गेलो होतो. बालीमध्ये बहुसंख्य लोक हिंदू आहेत, देवळे आहेत, रामायण-महाभारताची नाटके होतात, एवढे ऐकून माहीत होते. तिथे जिवंत ज्वालामुखीवर चढता येते हे मात्र तिथे गेल्यावर कळले. आमच्यातील भूगोलाचे शिक्षक म्हणाले, "पंचवीस वर्षे फळ्यावर काढतो आहे, एकदा खरा पाहू द्या." मग ठरले.

बेटाच्या ईशान्येला किंतामणी नावाचा थंड, उंच प्रदेश आहे. तिथे पेनेलोकान नावाच्या जागेवर रस्ता अचानक एका कड्यावर येऊन थांबल्यासारखा वाटतो आणि खाली प्रचंड खोलगट मैदान दिसते. घरातली मोठी परात डोळ्यांसमोर आणा. परातीचा काठ म्हणजे आपण उभे आहोत तो कडा. परातीच्या मधोमध पिठाचा ढीग ठेवावा तसा एक काळसर डोंगर, तो बातूर पर्वत. आणि परातीच्या एका बाजूला, डोंगर व काठ यांच्यामध्ये, चंद्रकोरीसारखे निळे पाणी, ते बातूर सरोवर. ही परात लहानसहान नाही. एका दिशेने सुमारे चौदा आणि दुसऱ्या दिशेने सुमारे दहा किलोमीटर इतका तिचा विस्तार आहे. सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० मीटर उंचीवर आहे आणि पर्वताचा माथा १,७१७ मीटरवर. बाली बेटावरचे हे सर्वात मोठे सरोवर.

आता विद्यार्थ्यांनी विचारावे, की डोंगराभोवती ही परात कोणी खणली? उत्तर असे की ती खणलेली नाही, खचलेली आहे. आजीच्या घरी धान्याची जुनी कोठी असते. तिच्या तळाशी छिद्र असते आणि त्यातून धान्य काढतात. खालून धान्य काढत गेले की वरचे धान्य मधोमध खचून खळगा पडतो. इथे तसेच झाले. फार पूर्वी इथे आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा डोंगर होता. त्याच्या पोटात वितळलेल्या खडकाचा, म्हणजे शिलारसाचा, मोठा साठा होता. सुमारे २९ हजार वर्षांपूर्वी एका महास्फोटात तो साठा बाहेर फेकला गेला, खाली पोकळी झाली आणि वरचा डोंगर त्या पोकळीत बसला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पुन्हा तसेच घडले आणि पहिल्या परातीत दुसरी परात तयार झाली. अशा खचलेल्या खळग्याला शास्त्रज्ञ कॅल्डेरा म्हणतात. त्यातल्या सखल भागात पाणी साचून सरोवर झाले आणि मधोमध नवा ज्वालामुखी वाढू लागला. आज ज्यावर चढतात तो हाच.

शिलारस इथेच का तयार होतो, हेही थोडक्यात सांगतो. बालीच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा दुसऱ्या तुकड्याखाली हळूहळू सरकतो आहे. खाली जाताना तो आपल्यासोबत समुद्राचे पाणीही खडकांत मुरवून नेतो. खोल गेल्यावर उष्णतेने ते पाणी सुटते आणि वरच्या तप्त खडकात शिरते. पाणी मिसळलेला खडक कमी तापमानाला वितळतो. वितळलेला खडक हलका, म्हणून तो वर येऊ लागतो. त्यात वायू विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचे बूच काढले की जसा फेस उसळतो, तसे वर येताना दाब कमी झाला की हे वायू उसळतात. त्यालाच आपण उद्रेक म्हणतो. सुमात्रा, जावा, बाली, लोंबोक या बेटांवर ज्वालामुखींची रांगच्या रांग आहे, ती याच कारणाने.

अंधारातली चढण

बातूरवर लोक सूर्योदय पाहायला चढतात, म्हणून चढाई रात्री सुरू होते. आम्ही मध्यरात्रीनंतर दोन वाजता मुक्कामाहून निघालो आणि चारच्या सुमारास सरोवराच्या काठच्या तोया बुंगका या गावाजवळ पोहोचलो. तिथे जमिनीतून गरम पाण्याचे झरे निघतात. बालीच्या भाषेत तोया म्हणजे पाणी. आपल्या संस्कृतातला 'तोय' तो हाच. आमच्या संस्कृतच्या शिक्षिका त्या अंधारातही हे ऐकून खूश झाल्या.

गावातलाच एक मार्गदर्शक आमच्यासोबत होता. वयाने तिशीचा असेल, मोडके इंग्रजी बोलत होता. निघण्याआधी त्याने प्रत्येकाच्या पायाकडे पाहिले. आमच्यातील एकांनी चपला घातल्या होत्या, त्यांना त्याने शांतपणे गाडीत बसवून ठेवले. हुज्जत घातली नाही, ऐकूनही घेतले नाही. डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, प्रत्येकाला पाण्याची बाटली, अंगात गरम कपडे. विषुववृत्ताजवळचे बेट, इथे कसली थंडी, असे म्हणून स्वेटर मुक्कामावर ठेवून आलेल्यांना तासाभरातच आपली चूक कळली.

पहिला अर्धा तास वाट सोपी होती. दोन्ही बाजूंना टोमॅटो, मिरची, कांद्याची शेते. नंतर चढ सुरू झाला आणि पायाखाली माती राहिली नाही. ज्वालामुखीची वाट म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखी दगडी पायवाट नसते. राख आणि सच्छिद्र, हलक्या खड्यांचा तो भुसभुशीत उतार असतो. दोन पावले वर टाकावीत तर एक खाली घसरते. उंची सातशे मीटरच्या आतच चढायची, पण पन्नाशीतल्या गुडघ्यांना ती पुरेशी होते. मार्गदर्शक दर पंधरा मिनिटांनी थांबायचा. सर्वात हळू चालणाऱ्याला त्याने आपल्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर घेतले होते. त्यामुळे कोणी मागे राहिले नाही आणि कोणाला आपण मागे राहतो आहोत अशी लाजही वाटली नाही. आमच्या शाळेच्या सहलीत आजवर धावणारी मुले पुढे आणि दमणारी मागे, अशी रांग असायची. ही रांग उलटी असावी हे आम्ही त्या अंधारात शिकलो.

साडेपाचच्या सुमारास माथ्याच्या अलीकडच्या टेकावर पोहोचलो. थोड्या वेळाने पूर्वेकडे उजळू लागले. पायाखाली सरोवर, त्याच्या पलीकडे काठावरचा आबांग पर्वत, त्याच्या मागे तीन हजार मीटरपेक्षा उंच आगुंग, आणि क्षितिजावर पुसटसा, समुद्रापलीकडच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी. एका ज्वालामुखीवर उभे राहून दुसरे ज्वालामुखी रांगेत पाहायचे, म्हणजे नकाशावर काढलेली ती रेघ प्रत्यक्ष दिसली. भूगोलाचे आमचे शिक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत.

खडकांच्या भेगांतून वाफ येत होती. मार्गदर्शकाने एका भेगेत अंडी आणि केळी पुरून ठेवली आणि थोड्या वेळाने शिजलेली बाहेर काढली. माकडे टपूनच बसली होती. एका माकडाने आमच्या हातातले केळे नेले, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

"काल गेले, हो"

माथ्यावर ज्वालामुखीचे मुख आहे आणि त्याच्या कडेने फिरून येण्याची अरुंद वाट आहे. एका बाजूला मुखाचा खोल उतार, दुसऱ्या बाजूला डोंगराचा. आम्हाला ती प्रदक्षिणा करायची होती. एवढ्या दूर आलो, एवढे पैसे खर्च केले, पुन्हा कधी येणार? पण तोपर्यंत वारा वाढला होता आणि ढग कड्यावर चढू लागले होते. मार्गदर्शक म्हणाला, "आज नाही."

आम्ही म्हणालो, "पण काल तर लोक गेले होते ना? आमच्या मुक्कामावर भेटले, त्यांनीच सांगितले."

तो म्हणाला, "काल गेले, हो." आणि त्याने खाली, पर्वताच्या नैर्ऋत्येला, हात दाखवला. तिथे हिरव्या शेतांच्या मध्ये डांबर ओतल्यासारखे काळे, खडबडीत मैदान पसरले होते. "आमचे जुने गाव तिथे होते," तो म्हणाला. "बातूर गाव."

मग त्याने सांगितलेली आणि पुढे आम्ही वाचलेली हकिकत अशी. बातूर गाव आणि त्यातले मोठे देऊळ पूर्वी पर्वताच्या पायथ्याशी होते. हे देऊळ सरोवराच्या देवीचे, देवी दानूचे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका उद्रेकात लाव्हारस वाहत गावाकडे आला आणि देवळाच्या दाराशी येऊन थांबला, असे तिथे सांगतात. लोकांना वाटले, देवीने राखले. पर्वताने आपली हद्द दाखवून दिली, आता यापुढे तो येणार नाही. ते तिथेच राहिले. सन १९२६ च्या ऑगस्ट महिन्यात पर्वताच्या अंगाला नवी भेग पडली आणि यावेळी लाव्हा दाराशी थांबला नाही. गाव आणि देऊळ गाडले गेले. लाव्हा सावकाश सरकत होता, त्यामुळे माणसांना बाहेर पडता आले. गावकऱ्यांनी परातीच्या काठावर, उंचावर, नवे गाव वसवले आणि देवीचे देऊळ तिथे पुन्हा बांधले. आजचे पुरा उलुन दानू बातूर हे प्रसिद्ध देऊळ तेच. गावाचे नावही त्यांनी बदलले नाही.

गाव हलले पण नाव, देव आणि सण हलले नाहीत, हे ऐकून आमच्यासारख्या इंदूरच्या मराठी माणसांना जवळचे वाटले नाही तरच नवल. पण त्या सकाळी मनात घर करून राहिली ती दाराशी थांबलेल्या लाव्ह्याची गोष्ट. एकदा थांबला म्हणून पुन्हा थांबेल, असे गावाने धरले होते. आम्हीही त्या वाटेवर अगदी तेच धरत होतो.

आम्ही प्रदक्षिणा न करता खाली उतरलो. उतरताना दहा मिनिटांत माथा ढगात गेला. कदाचित गेलो असतो तरी काही झाले नसते. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण सावधगिरीची हीच अडचण आहे. ती योग्य होती हे नंतर सिद्ध करता येत नाही. काही न घडणे हाच तिचा एकमेव निकाल असतो.

शांत डोंगराची भाषा

पालक विचारतील, जिवंत ज्वालामुखीवर लोकांना चढू देतातच कसे? इंडोनेशियात ज्वालामुखींवर नजर ठेवणारी सरकारी संस्था आहे. भूकंपमापक यंत्रे, जमिनीचा फुगवटा आणि बाहेर पडणारे वायू यांवरून प्रत्येक धोकादायक पर्वताला चार पातळ्यांपैकी एक पातळी दिलेली असते. पहिली सामान्य, दुसरी सतर्कतेची, तिसरी तयारीची, चौथी स्थलांतराची. पातळीप्रमाणे मुखापासून किती अंतर राखायचे ते ठरते. बातूरच्या उद्रेकांच्या नोंदी १८०४ पासून आहेत आणि तेव्हापासून तो वीसहून अधिक वेळा जागा झाला आहे. शेवटचा उद्रेक २००० साली झाला. पातळी सामान्य असेल तेव्हाच लोक वर जातात.

पण 'सामान्य' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. जपानमध्ये ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी, दुपारच्या सुमारास शेकडो लोक शरद ऋतूतली रंगीत पाने पाहायला गेले होते. पर्वत सर्वात खालच्या पातळीवर होता. दोन आठवड्यांपूर्वी छोट्या भूकंपांची संख्या वाढली होती, पण इतर लक्षणे ठळक नव्हती. जमिनीखालच्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन स्फोट झाला आणि ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. सुमात्रा बेटावरील मारापी पर्वत ३ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी, उसळला तेव्हा सुमारे ७५ जण चढाईला गेलेले होते. त्यांतले २४ दगावले. तो पर्वत कित्येक वर्षे दुसऱ्या पातळीवर होता आणि मुखापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती. तरीही लोक माथ्यावर जात असत, कारण आदल्या रविवारी गेलेले परत आले होते.

याउलट बालीतलाच आगुंग पर्वत. १९६३ च्या त्याच्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे मेली होती. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या पोटात भूकंप वाढले, पातळी चौथीवर नेली गेली आणि सुमारे एक लाख चाळीस हजार लोक घरेदारे, गुरेढोरे सोडून छावण्यांत गेले. दोन महिने काहीच झाले नाही. मधल्या काळात पातळी कमीही केली गेली. लोकांची किती कुरकूर झाली असेल याची कल्पना सहल रद्द करणाऱ्या कोणत्याही मुख्याध्यापकाला करता येईल. नोव्हेंबरच्या अखेरीस पर्वताने राख उधळली, पातळी पुन्हा चौथीवर गेली, विमानतळ बंद पडला. पण माणसे लांब होती. जीवितहानी झाली नाही.

आग आणि पाणी एकाच घरचे

मग अशा डोंगराजवळ लोक राहतातच का? कारण तोच डोंगर त्यांना जेवू घालतो. राख कुजून झालेली माती सुपीक असते. आणि ते सरोवर! त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकांत मुरते, आणि डोंगराच्या उतारांवर खाली जे झरे फुटतात ते देवी दानूचेच पाणी, अशी शेतकऱ्यांची श्रद्धा आहे. बालीच्या भातशेतीत पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघांना सुबाक म्हणतात. प्रत्येक सुबाकचे देऊळ असते, आणि सर्व जलमंदिरांच्या वरचे म्हणून काठावरच्या त्या बातूरच्या देवळाला मान आहे. ही व्यवस्था २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

आमचा मुद्दा असा की ही नुसती पूजाअर्चा नाही, तर एकत्र निर्णय घेण्याची पद्धत आहे. वरच्या शेतकऱ्याने हवे तेवढे पाणी घेतले तर खालच्याची शेते कोरडी पडतात. पण खालच्याने वेगळ्या वेळी लावणी केली तर कीड एका शेतातून दुसऱ्यात फिरत राहते आणि वरच्याचेही पीक जाते. म्हणून सर्वांनी एकाच वेळी लावायचे, एकाच वेळी शेते मोकळी ठेवायची, असे देवळात बसून ठरते. १९७० च्या दशकात जास्त पिकासाठी सरकारने सांगितले, की वाट पाहू नका, जमेल तितक्या वेळा लावा. काही हंगामांतच कीड आणि पाणीटंचाईने शेतकरी हैराण झाले. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने नंतर संगणकावर हिशेब मांडून दाखवले, की जलमंदिरांची जुनी पद्धतच सर्वांना चांगले पीक देणारी होती. आपल्यापुरते बघणारा शेतकरी तिथे टिकत नाही, आणि एकट्याच्या हौसेने वाट ठरवणारा त्या डोंगरावरही टिकत नाही.

आता पातालपाणी

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की बाली कुठे आणि इंदूर कुठे. पण आपण माळव्याचे लोक ज्वालामुखीच्या अंगणातच राहतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले आणि महाराष्ट्रापासून माळव्यापर्यंत दख्खनचे पठार झाले. बातूरसारखा शंकूच्या आकाराचा डोंगर त्यातून झाला नाही. लाव्हा पातळ होता, तो दूरवर पसरला. आपल्या शेतांतली काळी माती त्याच खडकाची. आणि तुमच्या अर्जातले पातालपाणी म्हणजे त्या लाव्ह्याच्या थरांचा उघडा पडलेला कडा. तो लाव्हा केव्हाच थंड झाला आहे, त्याची भीती नाही.

भीती पाण्याची आहे. पाऊस आपण उभे असतो तिथे पडत नाही, तो वर, नदीच्या पाणलोटात, आपल्या नजरेआड पडतो. खाली आकाश स्वच्छ असते, खडक कोरडे असतात, आणि लोंढा वाटेत असतो. २०११ च्या जुलै महिन्यात याच पातालपाणीला एक कुटुंब असेच खडकांवर अडकले आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. त्यातले काहीजणच वाचले. इंदुरात तेव्हा कोणाच्या घरी तो विषय निघाला नसेल असे नाही. त्यांच्याआधी त्याच खडकांवर शेकडो कुटुंबे बसून, डबे खाऊन, सुखरूप घरी गेली होती. काल तर लोक गेले होते!

म्हणून अर्ज नामंजूर केला, पण सहल नामंजूर केलेली नाही. विश्वस्त मंडळासमोर आम्ही असा प्रस्ताव ठेवत आहोत. सहल पातालपाणीलाच जाईल, पण डिसेंबरमध्ये, पाणी ओसरल्यावर. कुंडात कोणी उतरणार नाही. कठड्याच्या अलीकडे उभे राहून दहावीचा वर्ग कड्यातले लाव्ह्याचे थर मोजेल आणि वहीत त्याचे चित्र काढेल. जाण्याआधी स्थानिक माणसाला विचारले जाईल आणि त्याने 'आज नाही' म्हटले तर गाडी परत फिरेल. त्यावर शिक्षक, पालक, प्राचार्य, कोणीही हुज्जत घालणार नाही. सर्वात हळू चालणारा विद्यार्थी रांगेत पुढून दुसरा असेल. चपला घालून आलेला गाडीत बसेल, मग तो कोणाचाही मुलगा असो. या नियमांवर यावेळी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या सह्या हव्या आहेत. आधीच्या अर्जावर एकेचाळीस जमल्या होत्या, या कागदावर त्याहून कमी येऊ नयेत.

जाता जाता एक गंमत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, हे आपणा सर्वांना आमच्या बोलण्यावरून ठाऊक आहेच. दहावीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "ही आम्हाला शिक्षा आहे का?" आम्ही म्हणालो, "हो." तिचा चेहरा उतरला. मग तिच्या लक्षात आले, की आम्ही हिंदीतून उत्तर दिले आहे, आणि ती हसली. इतर चाळीस जणही लवकरच हसतील अशी आशा आहे.

डिसेंबरमध्ये भेटू, कठड्याच्या अलीकडे.

आपले,
प्राचार्य